स्वमग्न मुलाच्या घरासाठी: सोलापुरात कुठून सुरुवात करायची, पुढं काय करायचं

मूल बोलायला उशीर लावतंय म्हटलं की आमच्याकडं घरोघरी ठरलेली उत्तरं तयार असतात. ‘त्याचा बापही चौथ्या वर्षी बोलला.’ ‘शाळेत घाला, चार पोरांत बसला की बोलतोय की.’ सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, तर आणखी एक हमखास ऐकू येतं: ‘घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बालवाडीत मराठी, पोरगं गोंधळलंय.’ बोलणारे मायेनंच बोलतात, पण त्या मायेत दोन-तीन वर्षं निघून जातात. आणि ती नेमकी मदतीला सर्वांत जास्त प्रतिसाद मिळण्याची वर्षं असतात.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता हा रोग नव्हे. मेंदूची जडणघडणच जन्मापासून वेगळ्या पद्धतीनं होते. त्यामुळं माणसांशी देवाणघेवाण, संवाद, आवाज-स्पर्श-उजेड यांची जाणीव आणि बदल पचवण्याची ताकद वेगळी असते. एखादं मूल एक शब्द बोलत नाही, एखादं रेल्वेचं अख्खं वेळापत्रक पाठ म्हणतं पण ‘पाणी दे’ म्हणत नाही. जगभरातला ढोबळ अंदाज शंभर मुलांमागं एक असा आहे. जनुकांचा वाटा मोठा असतो. आईनं नोकरी केली, गरोदरपणात ग्रहण पाहिलं, मुलाला सासूकडं ठेवलं, यातलं काहीही कारण नसतं. लसीचा संबंध लावणारा १९९८चा शोधनिबंध त्याच नियतकालिकानं २०१०मध्ये मागं घेतला आणि त्याच्या मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही गेला. त्यामुळं लसी वेळेवर द्या. या विषयावर इतकं पुरे.

पुढं जे क्रमानं सांगते आहे, त्या सगळ्याच्या मुळाशी माझं एकच म्हणणं आहे: मुलाला ‘बोलतं’ करण्याच्या मागं लागण्याआधी त्याला ‘सांगता’ येईल अशी सोय करा.

काय दिसलं तर थांबायचं नाही

नाव घेतल्यावर वर्षाचं मूल वळून बघत नाही. दीड वर्षाचं झालं तरी बोटानं दाखवत नाही. यातही फरक आहे. हवी ती वस्तू दाखवणं वेगळं आणि ‘ते बघ, कावळा!’ म्हणून केवळ दाखवण्यासाठी दाखवणं वेगळं. दुसरा प्रकार नसेल तर लक्ष द्या. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी स्वतःची दोन शब्दांची जोडी नाही. तुमचा हात धरून डब्यापर्यंत नेतो, पण तुमच्या तोंडाकडं बघत नाही. गाडी चालवत नाही, उलटी करून चाक फिरवत बसतो. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणतो. ‘तुला भूक लागली?’ विचारलं तर ‘तुला भूक लागली’ हेच उत्तर.

यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे ऑटिझम असतोच असं नाही. पण येत असलेले शब्द किंवा टाटा करणं बंद पडलं, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं जा.

मुलींकडं खास बघा. गप्प बसणारी, एकाच मैत्रिणीच्या मागं-मागं राहणारी, घरी आल्यावर दप्तर टाकून तासभर रडणारी मुलगी ‘लाजाळू’ म्हणून सुटून जाते. ती दिवसभर दुसऱ्यांची नक्कल करून वेळ निभावत असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या महिन्यात

सर्वांत आधी कान तपासा. ‘टाळी वाजवली तर बघतो’ ही तपासणी नव्हे. लहान मुलासाठी बेरा चाचणी असते, मूल झोपलेलं असताना होते. कान-नाक-घसा विभागात तिची चौकशी करा.

मग बालरोगतज्ज्ञ. त्यांना ‘बोलत नाही’ एवढंच सांगू नका. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे काही व्हिडिओ करून न्या: एकटा खेळताना, नाव घेतल्यावर, जेवताना, चिडल्यावर. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत मूल एकतर रडतं किंवा पंख्याकडं बघत बसतं. घरातलं मूल डॉक्टरांना दिसतच नाही. तिथून बालविकासतज्ज्ञ, बाल-मेंदूविकारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडं पाठवणी होते. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत किंवा एमआरआयमध्ये ऑटिझम दिसत नाही. निदान निरीक्षणातून आणि तुमच्याशी बोलून होतं. फिट येत असतील किंवा डॉक्टरांना तशी शंका असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी, लागेल, एरवी ‘सगळ्या टेस्ट करून टाका’ म्हणून पैसे घालवू नका.

सोलापुरात सरकारी वाट म्हणजे सिव्हिल, कागदावर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. खेड्यात असाल तर अंगणवाडी ताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. विकासातला उशीर शोधणं हे त्यांचं कामच आहे. मोठ्या संस्थेकडं जायचंच असेल तर सगळे पुण्याकडं धावतात. पण बौद्धिक दिव्यांगत्वावर काम करणारी राष्ट्रीय संस्था सिकंदराबादला आहे, आणि आपल्या शहरातल्या कितीतरी घरांचे सोयरे हैदराबादेत असतात. राहण्याची सोय आणि बोलायला तेलुगू, दोन्ही तिथं मिळतं.

तारीख महिन्यानं मिळाली तरी त्या महिन्यात हातावर हात ठेवून बसायचं नाही. पुढं सांगितलेलं घरचं काम निदानाशिवाय सुरू करता येतं. निदान वेगळंच निघालं तरी त्यानं मुलाचं काही बिघडत नाही.

थेरपिस्ट निवडताना एक साधी चौकशी करा. स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडं भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, ऑक्युपेशनल थेरपिस्टची (रोजची कामं आणि आवाज-स्पर्शाचा त्रास यांवर काम करणाऱ्यांची) नोंदणी राज्याच्या परिषदेकडं असते. क्रमांक विचारल्यावर रागावणारा माणूस आपल्या कामाचा नाही. ‘पालकांनी बाहेर बसायचं, आत काय चालतं ते विचारायचं नाही’ अशी पाटी असलेल्या जागीही मूल सोडू नका.

घरात कोणती भाषा बोलायची

हा प्रश्न सोलापूरइतका क्वचितच कुठं विचारला जात असेल. आजी तेलुगूत गाणं म्हणते, शेजारच्या मावशी कन्नडमध्ये हाक मारतात, वडील मराठी, आणि इंग्रजी शाळेची मॅडम म्हणते घरी फक्त इंग्रजी बोला. स्वमग्न मुलाला दोन किंवा तीन भाषा ऐकल्यानं अपाय होतो, असं आजवरच्या अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट तोटा होतो तो भाषा तोडल्यानं. जी आई तेलुगूत अखंड बडबडते ती अडखळत्या इंग्रजीत दिवसाला वीस वाक्यं बोलते: ‘सिट’, ‘ईट’, ‘नो’. लाड, चिडवणं, गोष्ट, अंगाई सगळं बंद. म्हणून आपली भाषा सोडू नका. फक्त एक करा: रोजच्या वापरातल्या मोजक्या शब्दांसाठी सगळ्यांनी मिळून एकच शब्द पक्का करा. पाण्याला घरात ‘पाणी’ म्हणायचं की ‘नीळ्ळु’, ते ठरवून घ्या आणि थेरपिस्टलाही तोच वापरायला सांगा.

सांगण्याची सोय

थेरपी आठवड्यातून दोन-तीनदा पाऊण तास. उरलेला आठवडा घरात. खरं काम इथं होतं, आणि त्याला खेळण्यांच्या दुकानात जावं लागत नाही.

मुलाला सर्वांत जास्त काय आवडतं ते आधी शोधा. समजा, शेंगदाण्याची चिक्की. डबा त्याला दिसेल पण उघडता येणार नाही असा ठेवा. तो तुमचा हात ओढेल. लगेच देऊ नका आणि ‘बोल, चि-क्की, बोल की’ असा तगादाही लावू नका. त्याच्या उंचीला बसा, डबा हातात धरा, चेहऱ्यावर ‘काय हवं?’ असं कुतूहल ठेवा आणि मनात दहा अंक मोजा. दहा अंक फार लांब वाटतात, आपण तीनवरच बोलून टाकतो. या वेळात तो तुमच्याकडं बघेल, आवाज काढेल, डब्याला हात लावेल. यातलं जे करेल ते ‘सांगणं’ समजून, ‘चिक्की!’ एवढा एकच शब्द म्हणून लहानसा तुकडा द्या. लहानसा का? पुन्हा मागायची वेळ यावी म्हणून. पंधरा मिनिटांत अशी दहा मागणी झाली तर तो दिवस चांगला गेला. जेवायलाच देत नाही असा खेळ मात्र करायचा नाही. पोटभर जेवण हा त्याचा हक्क, चिक्की हा खेळ.

पुढची पायरी चित्रांची. जुन्या कॅलेंडरच्या जाड पुठ्ठ्याचे पत्त्याएवढे तुकडे कापा. त्यांवर तुमच्याच घरातल्या वस्तूंचे फोटो चिकटवा: त्याचा स्टीलचा पेला, त्याची चप्पल, तुमचं संडासाचं दार. बाजारातल्या तक्त्यावरचा इंग्रजी बाथटब त्याला ओळखीचा नसतो. सुरुवात दोन-तीन कार्डांनी. त्यानं कार्ड तुमच्या हातात ठेवलं की वस्तू त्याच्या हातात, त्याच क्षणी. ‘नको’ आणि ‘थांब, पुरे’ यांचीही कार्डं पहिल्या महिन्यातच करा. आपण मुलांना मागायला शिकवतो, नकार द्यायला शिकवत नाही. मग ती नकार चावून सांगतात.

‘कार्डाची सवय लागली तर बोलणारच नाही’ ही भीती सगळ्यांना असते. चित्रं, खुणा किंवा मोबाइलवरचं बोलणारं ॲप यांमुळं बोलणं अडतं असं दिसलेलं नाही. कित्येक मुलांत ते वाढतं. आणि शब्द कधीच आले नाहीत, तरी त्या मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येणार आहे.

तिसरी गोष्ट दिवसाचा क्रम. भिंतीवर त्याच्या नजरेच्या उंचीला चार-पाच चित्रं एकाखाली एक लावा: अंघोळ, नाश्ता, शाळा, खेळ, झोप. झालेलं चित्र काढून खालच्या पाकिटात टाकायचं. आता सोलापुरातली खरी अडचण: पाणी. काही दिवसांआड येणारं पाणी रात्री अकराला आलं की मोटर सुरू होते, घागरी-बादल्यांचा आवाज होतो, सगळे धावतात आणि झोपलेलं मूल उठून किंचाळायला लागतं. त्यासाठी एक वेगळं बादलीचं कार्ड करा. पाण्याचा अंदाज असेल त्या दिवशी ते सकाळीच लावा, संध्याकाळी पुन्हा दाखवा, आणि पाणी आल्यावर त्याला एक ठरलेलं काम द्या, जसं पिंपाचं झाकण धरून उभं राहणं. बदल टाळता येत नाही, पण तो आधी कळवता येतो.

आवाज, गर्दी आणि मेल्टडाउन

यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेलं मूल कुकरच्या शिट्टीला कान झाकून पळतं, तेव्हा लोक म्हणतात, नाटक करतंय. तसं नाही. मागाचा आवाज एका लयीत दिवसभर चालतो. शिट्टी कधी होईल सांगता येत नाही. त्रास मोठ्या आवाजाचाच असतो असं नाही, अचानक येण्याचाही असतो. ‘आता शिट्टी होणार, एक, दोन, तीन’ असं सांगून बघा.

हट्ट आणि मेल्टडाउन यांतला फरक घरातल्या सगळ्यांना शिकवा. हट्ट करणारं मूल मध्येच डोळ्याच्या कोपऱ्यातून तुमच्याकडं बघतं आणि वस्तू मिळाली की थांबतं. मेल्टडाउनमध्ये मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतो. वस्तू दिली तरी ते थांबत नाही, मारलं तर वाढतं. त्या वेळी समजावणं बंद. दिवा-टीव्ही बंद करा, जमलेल्यांना बाहेर काढा, डोकं आपटत असेल तर खाली उशी सरकवा, तुम्ही जवळ पण गप्प बसा. कुणाला घट्ट धरलेलं बरं वाटतं, कुणाला स्पर्शही नको असतो. तुमचं मूल कुठलं ते शांत दिवसांत ओळखून ठेवा. नंतर वहीत लिहा: आधी काय झालं, कुठं, किती वाजता, पोट साफ होतं का, झोप झाली होती का. महिनाभराची वही वाचली की कारण पुष्कळदा समोर येतं. दातदुखी आणि बद्धकोष्ठ ही कारणं फार वेळा निघतात.

जानेवारीतला गड्डा, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा, चुकवू नका, पण सगळ्यांच्या वेळेला जाऊ नका. होम मैदानावर दुपारी पाळणे नुकते सुरू होताना गर्दी विरळ असते. आदल्या दिवशी पाळण्याचा फोटो दाखवा, कान झाकणारे हेडफोन न्या, जाताना परतीची वाट ठरवून ठेवा. पहिल्या वर्षी अर्धा तास भरपूर झाला. शोभेच्या दारूकामाच्या रात्री घरच्या घरी पंखा मोठा करून राहिलात तर सिद्धरामेश्वर रागावणार नाहीत. मिरवणुकीतल्या डीजेचंही तेच. मंडळ गल्लीतलंच असेल तर कार्यकर्त्यांना आधी जाऊन सांगा. घरापुढं आवाज कमी करणारी पोरं निघतात.

केस कापणं हा असाच मोठा विषय. ओळखीच्या सलूनवाल्या काकांना मंगळवारी सकाळची रिकामी वेळ मागा. पहिल्यांदा नुसतं खुर्चीत बसून उतरायचं. पुढच्या वेळी कापड अंगावर. मग बंद मशीन मानेला लावायचं, मग लांबून चालू मशीन ऐकायचं. पाचव्या-सहाव्या फेरीला केस. चौघांनी धरून एकदाच कापलेले केस पुढची पाच वर्षं महागात पडतात.

खाण्याचं थोडक्यात. पांढरा भात आणि बिस्किटं एवढंच खाणारी मुलं पुष्कळ. जबरदस्तीनं कोंबू नका. नवा पदार्थ वेगळ्या वाटीत नुसता शेजारी ठेवायचा; हात लावला, वास घेतला, तरी ती प्रगतीच. कुरकुरीत आवडणाऱ्यांना आपली कडक भाकरी हे वरदान आहे.

ज्यावर पैसे घालवायचे नाहीत

ऑटिझम ‘बरा’ करणारं औषध नाही. आक्रमकता, झोप, फिट, चंचलता यांवर डॉक्टर औषधं देतात आणि ती लागू पडतात. ती वेगळी गोष्ट. स्टेम सेल (मूळ पेशी) उपचाराच्या नावावर लाखो रुपये घेणारे भेटतील. देशाच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ऑटिझमसाठी तो मान्य उपचार नाही, आणि संशोधन म्हणून करायचं तर रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. शरीरातले ‘जड धातू काढणारी’ औषधं धोक्याची आहेत, ती देऊच नका. गहू-दूध बंद करण्याच्या आहाराला भक्कम पुरावा नाही. आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दोन बंद होतात. (आणि ज्वारीत ग्लुटेन नसतंच, तेव्हा ‘खास’ महागडं पीठ विकणाऱ्याला आपल्या भाकरीचं नाव सांगा.) ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ असं अधिकृत निदान नाही, मोबाइल कमी जरूर करा, कारण तो देवाणघेवाणीचे तास खातो, पण मोबाइलमुळं झालं म्हणून आईला बोल लावू नका. नवस, अंगारा ज्याची त्याची श्रद्धा. त्यापायी थेरपीची तारीख चुकवू नका आणि मुलाला चटके-डाग देऊ देऊ नका.

कागदपत्रं

शिक्का बसेल म्हणून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र न काढणारी घरं मला दर वर्षी दिसतात. प्रमाणपत्र कपाटात राहतं, कपाळावर नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा. स्वतः जमत नसेल तर सेतू केंद्र किंवा सायबर कॅफे. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. नंतर रुग्णालयात तपासणी. तिथं ‘आयसा’ नावाच्या भारतीय श्रेणीवर ४० मुद्दे तपासतात. त्या दिवशी मुलाचं कौतुक सांगण्याच्या भरात अडचणी लपवू नका. सगळ्यात वाईट दिवशी काय होतं तेही सांगा. लहान वयातलं प्रमाणपत्र अनेकदा मुदतीचं असतं, ती तारीख लिहून ठेवा.

त्यानंतर निरामय आरोग्य विमा: राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची योजना, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, थेरपीचा खर्चही मर्यादेत बसतो. अर्ज न्यासाकडं नोंदलेल्या संस्थेमार्फत होतो. बिलं पहिल्या दिवसापासून जपा. घरचं उत्पन्न कमी असेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारायला लाजू नका. पगारदारांना जुन्या करप्रणालीत अवलंबित दिव्यांगासाठी ७५ हजारांची, तीव्र असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते.

शाळा

‘आमच्याकडं असली मुलं घेत नाही’ असं शाळेला म्हणता येत नाही. भांडायच्या आधी मात्र वर्गशिक्षिकेला भेटा आणि एक पानभर लिहून द्या: त्याला काय आवडतं, कशानं घाबरतो, चिडायच्या आधी काय करतो, तेव्हा काय करायचं. साठ मुलांच्या वर्गातल्या बाईंना निदानाची दहा पानांची फाइल वाचायला वेळ नसतो, हे पान त्या टेबलाच्या काचेखाली ठेवतात. दाराजवळची जागा, फळ्यावर दिवसाचा क्रम, सुट्टीत ग्रंथालयात बसायची मुभा: यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती असतात. दहावीसाठी त्यांचे कागद नववीतच शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडं पाठवायच्या तयारीला लागा.

बाकीची माणसं

शेजारी किंवा नातेवाईक असाल तर ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. ‘गुरुवारी चार ते सहा मी बसते, तुम्ही झोपा’ म्हणा. मुलाच्या देखत ‘याला काही कळत नाही’ म्हणू नका. न बोलणाऱ्याला ऐकू येतं. कार्यात बोलावताना आईला विचारा की शांत खोली कुठली देऊ.

भावंडांना खरं कारण त्यांच्या भाषेत सांगा आणि आठवड्यातला थोडा वेळ फक्त त्यांचा ठेवा. पुढच्या अपत्याचा विचार असेल तर हे माहीत हवं: एका मुलाला ऑटिझम असेल तर पुढच्याला असण्याची शक्यता साधारण पाचात एक. आई-वडिलांपैकी कुणाला झोपच येत नसेल, जगणं नको वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

घरातून निघून जाणारी मुलं पाण्याकडं ओढली जातात. सिद्धेश्वर तलाव, विहीर, शेततळं जवळ असेल तर दाराला वरची कडी, खिशात शिवलेला फोन नंबर, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मुलाचा फोटो. हरवलं तर आधी पाण्याच्या जागा बघा आणि लगेच ११२ला फोन करा. पोहायला शिकवणं शक्य असेल तर उशीर करू नका.

मोठेपण

मूल मोठं होतं आणि स्वमग्नच राहतं. ‘लग्न लावा, सुधारेल’ हा सल्ला ऐकू नका. दोघांची आयुष्यं पणाला लागतात. ज्याला स्वतःला लग्न करायचंय आणि त्याचा अर्थ कळतो, त्याची गोष्ट निराळी. काहींना तर तिशी-चाळिशीत, स्वतःच्या मुलाचं निदान होताना, आपलंही हेच होतं असं उमगतं. त्यांचं म्हणणं आवर्जून ऐका. आवाजानं आतून काय होतं हे त्यांच्याइतकं कुणी सांगू शकत नाही.

कामाची तयारी बारा-तेराव्या वर्षी घरातूनच सुरू होते: धुतलेल्या टॉवेलांच्या सारख्या घड्या, डबे मोजून लावणं, दुकानात यादी देऊन सामान आणणं. ज्याला एकसारखेपणा आवडतो, त्याला पॅकिंग आणि मालाची तपासणी करताना कंटाळा येत नाही, आणि चादर-टॉवेलच्या या गावात तसं काम आहे. मालकाला आधीच सांगा की सूचना चित्रातून किंवा लिहून द्या, एका वेळी एक, आणि जेवणाची सुट्टी रोज त्याच वेळेला. सरकारी नोकऱ्यांतल्या दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणात स्वमग्न उमेदवारही येतात.

अठरा पूर्ण झाल्यावर कायद्यानं आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. ज्याला स्वतःचे निर्णय घेता येतात त्याला ते घेऊ द्या, बँकेत खातं त्याच्या नावानं उघडा. ज्याला खरोखर जमत नाही, त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. त्याचे कागद सतराव्या वर्षीच जमवायला घ्या.